रहस्यकथा, गूढकथा आणि मी

रहस्यकथा म्हटलं की अजूनही पुष्कळांच्या कपाळाला आठी पडते. मला नाही त्यात कमीपणा वाटत. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड यांच्या नादानं किती मुलं वाचायला लागली असतील! शिक्षक म्हणून सांगतो, मुलाला आधी वाचनाची गोडी लागू द्यावी. खांडेकर, कुरुंदकर मागाहून येतात.

अर्नाळकरांच्या कथेत शेवटी उलगडा होतो. पुस्तक मिटावं नि निवांत झोपावं. नारायण धारपांच्या समर्थकथांत अघोरी शक्ती येते, पण तिला परतवायला समर्थ असतात. रत्नाकर मतकरी असा दिलासा देतीलच असं नाही. त्यांच्या कथेतलं भय पुष्कळदा घरातल्याच माणसाच्या मनात दडलेलं असतं. धारप २००८ साली गेले, मतकरी २०२० साली. दोघांची पुस्तकं माझ्या उशाशी आहेत. तरुणपणी धारपांची धास्ती वाटे, आता मतकरींची वाटते. भूत कधी दिसलं नाही. माणसांतला हेवा मात्र या वयापर्यंत पुष्कळ पाहिला.

आणखी एक. आमच्या गंगाखेडला गोदावरीत अस्थी सोडायला लोक दुरून येतात. दोन वर्षांपूर्वी हिच्या अस्थीही तिथंच सोडल्या. तेव्हापासून मेलेलं माणूस परत आल्याची कथा वाचताना अंगावर काटा येत नाही. उलट, घरातले दार लावून का घेतात, तेच कळत नाही. उघडा की, म्हणावं. भेटून तरी घ्या!