पहिले तीन महिने

हा विषय मासिकात लिहावा की नाही, यावर आमच्यात आधी बराच वाद झाला. आम्ही म्हणजे सावनेरच्या आमच्या घरातल्या तीन जावा आणि शाळेतल्या दोन सहकारी शिक्षिका. एकीचे म्हणणे, हे मासिक घरात सासरेही वाचतात. दुसरी म्हणाली, मग वाचू देत, त्यांच्याच सुनांचा प्रश्न आहे. शेवटी दुसरीचे ऐकले.

गर्भनिरोधक गोळी जायज की नाजायज, यावर आपल्याकडे तासभर बोलणारे पुष्कळ भेटतात. पण गोळी सुरू केल्यावर बाराव्या दिवशी कपड्यावर डाग दिसला तर काय करायचे, हे सांगणारे कोणी नसते. म्हणून पहिला मुद्दा थोडक्यात उरकतो. कुरआन उतरत होते त्या काळात सहाबा अज्ल करीत असत, म्हणजे गर्भ राहू नये म्हणून पती खबरदारी घेत असे, ही हजरत जाबिर (रजि.) यांची रिवायत बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. इमाम गझाली यांनी 'इह्या उलूमुद्दीन'मध्ये अज्लला जायज ठरवले आणि बाळंतपणात बाईच्या जिवाला असलेला धोका हे कारणही मान्य केले. मतभेद आहेत, पण दोन मुलांत अंतर ठेवण्यासाठी पती-पत्नीच्या संमतीने तात्पुरते साधन वापरण्यास अनेक आलिम परवानगी देतात. कायमच्या ऑपरेशनला मात्र बहुतेक जण मजबुरीशिवाय हो म्हणत नाहीत. मग आपल्या बायकांनी तात्पुरती साधने इतरांपेक्षा जास्त नीट समजून घ्यायला हवीत की नाही?

आमच्या धाकट्या जावेची गोष्ट तिच्या परवानगीने सांगतो. बाळ अकरा महिन्यांचे असताना एका केंद्रावरून तिने गोळ्यांचे पाकीट आणले. 'रोज एक घ्यायची' एवढेच तिला सांगण्यात आले. पहिला आठवडा मळमळीत गेला. पाकीट अर्ध्यावर असताना अंगावरून थोडे थोडे जाऊ लागले. तिने पाळी समजून नमाज सोडली. चार दिवसांनी थांबले, पुन्हा डाग, पुन्हा नमाज बंद. लहान घरात कोणाचा मुसल्ला अंथरला जातो आणि कोणाचा नाही, हे सगळ्यांना दिसते. अम्मींनी एकदा विचारलेच, "तुझी तब्येत महिनाभर अशीच असते का गं?" गोळीचे तर कोणाला सांगितलेले नव्हते, पाकीट तांदळाच्या डब्यात होते. ते पाकीट तिने पुरे केलेच नाही. पुढच्या ईदला ती पुन्हा पोटुशी होती. रक्त आधीच कमी, बाळंतपणात बाहेरून रक्त द्यावे लागले. बाळ माशाअल्लाह गुटगुटीत आहे, सगळ्यांचे लाडके आहे. पण ती आठवडाभर उठून बसू शकत नव्हती, हेही आम्ही पाहिले आहे.

आता गोळीचे. सरकारी केंद्रात मोफत आणि आशाताईंकडेही मिळते ती माला-एन. एका पाकिटात 28 गोळ्या, त्यातल्या 21 हार्मोनच्या आणि शेवटच्या 7 वेगळ्या रंगाच्या, लोहाच्या. हार्मोनच्या गोळीत दोन औषधे असतात. ती बीज बाहेर पडू देत नाहीत आणि गर्भाशयाचे अस्तर पातळ ठेवतात. शरीराला या नव्या मात्रेची सवय होईपर्यंत ते पातळ अस्तर मधूनच थोडे सुटते, तोच डाग. मळमळ, छाती जड होणे, डोके दुखणे, चिडचिड हेही त्याच सवयीच्या काळातले. बहुतेक जणींना दोन-तीन पाकिटांत हे आपोआप कमी होते. डाग दिसला म्हणजे गोळी लागू पडत नाही, असे नाही. उलट डाग पाहून गोळ्या बंद केल्या की गर्भ राहतो, आणि डागही वाढतो.

या तक्रारी मनाचे खेळ म्हणून उडवून लावण्याची सवय जुनी आहे. 1956 साली प्युर्टो रिकोत या गोळीची मोठी चाचणी झाली. तिथल्या डॉक्टर एड्रिस राइस-रे यांनी कळवले की गोळी गर्भ नक्की रोखते, पण मळमळ, चक्कर, डोकेदुखी इतकी आहे की सर्रास वापरासाठी ती योग्य नाही. गोळीचे जनक ग्रेगरी पिंकस यांनी त्या तक्रारी बायकांच्या मनातल्या ठरवल्या. 1960 साली अमेरिकेत जी गोळी मंजूर झाली तिच्यात इस्ट्रोजेन गटाचे औषध 150 मायक्रोग्रॅम होते. आजच्या माला-एनमध्ये ते 30 आहे. म्हणजे त्या बायका खोटे बोलत नव्हत्या, मात्राच जबर होती. आपल्या खाला-फुफींनी जुन्या गोळ्यांचे जे किस्से सांगितले, त्यांना यामुळे घाबरायला नको आणि हसायलाही नको.

मळमळीवर आम्हाला सापडलेला सोपा उपाय म्हणजे गोळी रात्री जेवणानंतर, झोपण्याआधी घेणे. उपाशीपोटी घेऊ नये. गोळी घेतल्यापासून दोन तासांच्या आत उलटी झाली तर दुसरी घ्यावी. वेळ रोज एकच ठेवावी, कारण वेळ पुढेमागे झाली की डाग वाढतात. आम्ही इशाच्या नमाजेशी जोड घातली, घड्याळ पाहावे लागत नाही. एक गोळी राहिली तर आठवेल तेव्हा लगेच घ्यावी, त्या दिवशी दोन झाल्या तरी चालते. लागोपाठ दोन किंवा जास्त राहिल्या तर गोळ्या चालू ठेवून सात दिवस निरोधही वापरावा आणि आशाताईंना विचारावे. माहेरी जाताना पाकीट आधी पिशवीत ठेवावे. हे लिहिताना आमच्यातल्या एकीला हसू आले, कारण तिचे पाकीट दोनदा सासरी राहिले होते आणि दोन्ही वेळा नवऱ्याला नागपूर गाठावे लागले होते.

आता डाग आणि नमाज. आमच्या मते गोळ्या सुटण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे, आणि डॉक्टरांना ते माहीत नसते. हजरत फातिमा बिन्ते अबी हुबैश (रजि.) यांनी प्रेषित (स.) यांच्याकडे तक्रार केली की माझे रक्त थांबतच नाही, मी नमाज सोडू का? त्यांना सांगण्यात आले की हे शिरेचे रक्त आहे, हैज नव्हे; हैजचे दिवस तेवढे सोडून बाकी नमाज पढावी. चौदाशे वर्षांपूर्वी एका बाईने हा प्रश्न सरळ विचारला, आणि आम्ही तो आपल्या सासूला विचारू शकत नाही.

आपल्याकडे विदर्भात बहुतेक घरे हनफी. त्या मसलकात हैज कमीत कमी तीन दिवस आणि जास्तीत जास्त दहा दिवस, आणि दोन हैजमध्ये किमान पंधरा दिवस पाकीचे. समजा पाळी एक तारखेला आली, नेहमीप्रमाणे पाच दिवसांत संपली, गुस्ल झाले. चौदा तारखेला डाग दिसला. पाकीचे पंधरा दिवस भरलेले नाहीत, म्हणून तो डाग इस्तिहाजा. नमाज सोडायची नाही, रोजाही सोडायचा नाही. कपडा बदलावा, जागा धुवावी, वुजू करावे, नमाज पढावी. पंधरा दिवस उलटल्यावर रक्त आले आणि तीन दिवस टिकले तर गोष्ट वेगळी, ते हैज धरले जाते. कोकणातल्या शाफई घरांत हिशेब निराळा आहे, तिथे हैजची मुदत पंधरा दिवसांपर्यंत जाते. त्यामुळे तारखा वहीत लिहाव्यात आणि गुंता झाला तर आलिमाला, नाहीतर पतीमार्फत आलिमांना ती वही दाखवावी. आकडे समोर असले की लाजण्यासारखे फारसे बोलावेच लागत नाही. आमच्या धाकटीचे ते दिवस आम्ही नंतर असेच मोजले. बरेचसे इस्तिहाजाचेच निघाले. ती बराच वेळ काही बोलली नाही.

रमजानमध्ये रात्री घेणाऱ्यांना काहीच बदलावे लागत नाही. सकाळी घेणाऱ्यांनी सहरीला घ्यावी; इफ्तारपर्यंत लांबवली तर मधले अंतर दीड दिवसाचे होते.

ज्यांना रोजची गोळी जमत नाही त्यांच्यासाठी 2017 पासून सरकारी योजनेत अंतरा हे इंजेक्शन आहे, दर तीन महिन्यांनी एक. टोचलेली जागा चोळू नये, शेकू नये. यात सुरुवातीचे डाग गोळीपेक्षा जास्त दिवस चालू शकतात आणि पुढे पाळी अगदी बंदही होते. 'खराब रक्त आत साचते' ही भीती इथूनच येते. साचत काही नाही, अस्तरच तयार होत नाही तर बाहेर काय येणार? काहींचे वजन वाढते. इंजेक्शन बंद केल्यावर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात, हे नवऱ्याला आधीच सांगून ठेवावे. हार्मोन नकोच असेल तर छाया गोळी आहे, लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत शोधलेली. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. तिने मळमळ होत नाही, पाळी मात्र कधी लांबते. तांबी हाही बिनहार्मोनचा मार्ग आहे.

सहन करू नये अशा गोष्टीही आहेत. पायाच्या पोटरीत एका बाजूला दुखून सूज येणे, छातीत कळ, दम लागणे, पूर्वी कधी नव्हते असे भयंकर डोके दुखणे, डोळ्यांसमोर अंधारी, पोटात असह्य कळ, डोळे पिवळे होणे. यातले एकही झाले तर गोळी बंद करून त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे, तिसऱ्या पाकिटाची वाट पाहू नये. रक्तदाब जास्त असेल, डोळ्यांसमोर चमकून अर्धशिशी होत असेल, वय पस्तिशीच्या पुढे आणि बिडीची सवय असेल, किंवा अंगावर पिणारे बाळ सहा महिन्यांच्या आतले असेल, तर माला-एन सुरूच करू नये. टीबीचे औषध चालू असेल तर आवर्जून सांगावे. त्यातल्या रिफॅम्पिसिनमुळे गोळीचा असर कमी होतो, आणि आपल्या वस्त्यांत टीबी काही दुर्मीळ नाही.

राहिले पुरुष. आमच्या घरी आता पाकीट संपत आले की पुढचे आणण्याचे काम त्यांच्याकडे आहे. पहिल्यांदा दीर आशाताईंच्या दारातून तसेच परत आले, म्हणाले, बाहेर लोक बसले होते. दुसऱ्यांदा आणले, पण वर्तमानपत्रात गुंडाळून. परवा मात्र पाकीट खिशात टाकून आले आणि बायकोला विचारले, "या वेळी मळमळ कमी आहे ना?"