शोरूमनंतरची गाडी

मुंबईच्या उपनगरात गाडी घेणं हा मुळात व्यवहारी माणसाचा निर्णयच नव्हे. बोरिवलीहून अंधेरीला फास्ट लोकल सुसाट नेते, हायवेनं कधी पोचाल ते सिग्नललाच ठाऊक. तरी आपण हप्ते भरून गाडी घेतोच. आणि घेतली की पहिल्या आठवड्यात सीट कव्हर, महिन्याभरात म्युझिक सिस्टिम, बोनस झाला की अलॉय व्हील्स. ज्या डब्यात रोज दोन तास अडकून बसायचं, तो थोडा तरी ‘आपला’ वाटायला नको?

आमच्या पिढीला हा किडा चावला तो २००४ मध्ये, ‘टारझन : द वंडर कार’ बघून. सिनेमाची कथा विसरली असेल, पण गाडी आठवतेच. दिलीप छाब्रियांच्या डीसी डिझाइननं घडवलेली. डीसी आपल्या खिशाबाहेरची गोष्ट, पण कुर्ल्याचा सीएसटी रोड होता ना! रविवारी सकाळी गाडी दुकानासमोर लावायची, कटिंग येतो, आणि तो संपेपर्यंत डॅशबोर्ड उघडून वायरी बाहेर आलेल्या असतात.

घाटकोपरच्या माझ्या मामानं अशीच गाडी सजवली होती. डिकीत सबवूफर, सीटखाली अ‍ॅम्प्लिफायर. सगळं मिळून चाळीस हजारांचं, तेही तेव्हाचे चाळीस हजार. मग आला २६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि मामाची गाडी सोसायटीच्या कंपाउंडमध्येच छतापर्यंत बुडाली. विमा होता. काही आठवड्यांनी गाडीचे पैसे मिळाले, म्युझिकचा एक रुपया नाही. सर्व्हेअर सभ्य होता. त्यानं एवढंच विचारलं, ‘‘काका, हे पॉलिसीत कुठे आहे?’’ मामाकडे दुकानाचं पक्कं बिल होतं. पॉलिसीत मात्र ती ओळच नव्हती.

लहानपणी मला तो सर्व्हेअर व्हिलन वाटला होता. आता स्वतःची पॉलिसी वाचतो तेव्हा त्याचं म्हणणं पटतं. कंपनी विमा उतरवते तो फॅक्टरीतून निघालेल्या गाडीचा. कंपनीची छापील किंमत, त्यातून वयाप्रमाणे घसारा वजा, की झाली तुमची आयडीव्ही, म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पार निकामी झाली तर धरायची किंमत. शोरूमनंतर आपण जे काही लावलं, ते त्या हिशेबात नसतंच. वरच्या व्हेरियंटबरोबर आलेला टचस्क्रीन किमतीत धरलेला असतो. तोच टचस्क्रीन नंतर बाहेरून बसवला, की तो वेगळा सांगावा लागतो.

सांगणं काही महाग नाही. २००२ च्या इंडिया मोटर टॅरिफमध्ये इलेक्ट्रिकल अ‍ॅक्सेसरीजना त्यांच्या किमतीच्या ४ टक्के जादा प्रीमियम होता. म्हणजे २५ हजारांच्या सिस्टिमला वर्षाला हजार रुपये, वर कर. सीट कव्हर, अलॉय अशा बिनविजेच्या वस्तूंची किंमत आयडीव्हीतच मिळवायची. २००७ पासून गाडीच्या नुकसानीच्या विम्याचे दर कंपन्या स्वतः ठरवू लागल्या, तरी फॉर्मवरचे ते दोन रकाने अजून भेटतात. ‘इलेक्ट्रिकल’ आणि ‘नॉन-इलेक्ट्रिकल’. रिन्यूअलच्या घाईत आपण दोन्हीकडे शून्य टाकतो आणि ‘पे नाऊ’ दाबतो! वर्षाच्या मध्ये काही बसवलं तर कंपनीला कळवून एन्डॉर्समेंट घेता येतं. बिल मात्र पक्कं हवं. आणि घसारा इथेही लागतो. तिसऱ्या वर्षात तो ३० टक्के, म्हणजे ४० हजारांची सिस्टिम कागदावर २८ हजारांची.

सीएनजीचं प्रकरण आणखी गंभीर. पेट्रोलचे भाव बघून मीही यंदा किट बसवलं. मंजुरी असलेलं किट, अधिकृत वर्कशॉप, मग १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवून आरसीवर नोंद, आणि शेवटी विमा कंपनीला. अंधेरीचं एमएच ०२ असो, मुलुंड-घाटकोपरचं ०३ किंवा आम्हा बोरिवलीकरांचं ४७, रांग कुणाला चुकली नाही. मुलुंडच्या एका मित्रानं किट बसवलेली सेकंडहँड गाडी घेतली. आरसीवर नुसतं ‘पेट्रोल’. भांडुपजवळ तिला आग लागली. माणसं वाचली, क्लेम मात्र अडकला. एका ओळीवरून सुरू झालेला पत्रव्यवहार अजून संपलेला नाही.

पण काही गोष्टी सांगूनही उपयोग नसतो. माझ्या धाकट्या भावाला पुढे बुलगार्ड हवा होता आणि मागे गडगडाटी सायलेन्सर. ‘‘दादा, कोण बघतंय?’’ बघतात, राजा. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रानं राज्यांना बुलगार्डविरुद्ध कारवाई करायला सांगितलं. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं की उत्पादकाच्या मूळ रचनेविरुद्ध गाडीत बदल करता येणार नाही. त्याच वर्षीच्या कायद्यातल्या दुरुस्तीनं अशा प्रत्येक बदलाला पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली.

भावाला दंडाचं काही वाटलं नाही. मग मी त्याला दुसरी गोष्ट सांगितली. एअरबॅग कधी उघडायची हे धक्का मोजणारे सेन्सर ठरवतात, आणि पुढचा तो लोखंडी पाइप त्या धक्क्याची चालच बदलतो. शिवाय समोर आलेल्या माणसाला बंपरऐवजी लोखंड लागतं. आपल्याकडे समोर कोण येतं? स्टेशनबाहेर रिक्षा शोधणारी कुणाची तरी आई. त्यावर तो काही बोलला नाही. बुलगार्डचा विषयही पुन्हा निघाला नाही.

त्यानंतर आमच्या घरात एक साधा नियम झालाय. फॉर्मवर लिहिता येईल तेच गाडीला लावायचं, आणि लावलं ते लिहायचं. भावानं शेवटी स्पीकर्स घेतले, बिलासकट. रकान्यात आकडा भरताना त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. आवाज मात्र मस्त आहे. जोगेश्वरीच्या ट्रॅफिकमध्ये तर अख्खा अल्बम ऐकून होतो!