उरलेली तीन मिनिटं

‘कयामत से कयामत तक’मधलं उदित नारायणचं गाणं कुठेही लागू दे, ते संपत आलं की माझे कान पुढच्या गाण्याची वाट बघू लागतात. ते पुढचं गाणं त्या चित्रपटातलं नसतंच. मिरजेत स्टेशनकडे जाताना एका बोळाच्या तोंडाशी कॅसेट भरून देणाऱ्या काकांचं दुकान होतं. त्यांनी लावून दिलेला क्रम डोक्यात घट्ट बसलाय. हे गाणं, मग खट्ट असा बारीक आवाज, मग ‘मैंने प्यार किया’. मध्येच जाहिरात लागली की अजूनही ठेच लागते.

१९८९-९० साल. मी दहावी-अकरावीत. विकतच्या कॅसेटमध्ये दोन गाणी जीव टाकावा अशी असायची आणि बाकीची सोसावी लागायची. त्यामुळे वहीच्या मधल्या पानावर आपली यादी करायची आणि कोऱ्या कॅसेटसकट काकांकडे द्यायची. काका चष्म्यावरून बघत. “सगळी प्रेमाचीच?”

“मित्राच्या बहिणीचं लग्न आहे.”

“असं होय. परवा ये.”

पुढे कधी चौकशी नाही, की घरी चुगली नाही. त्या वयात एवढी अब्रू दुसरं कोण राखत होतं?

साठ मिनिटांची कॅसेट भरायला साठ मिनिटंच लागत. काका स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने डेकचं हेड पुसत आणि मिटरचा काटा लाल पट्ट्यात जाऊ देत नसत. प्रत्येक बाजूला अर्ध्या तासात पाच-सहा गाणी बसत, वर दोन-तीन मिनिटं उरत. ती कोरी सोडायची काकांना चीड. तिथे ते विचारल्याशिवाय जुनं गाणं भरत. कधी तलत, कधी हेमंतकुमार. जुनी गाणी तिथे अचूक बसायची, कारण ७८च्या तबकडीच्या एका बाजूवर मावायचंच जेमतेम साडेतीन मिनिटं. ग्रामोफोनच्या अडचणीतून आलेलं माप आमच्या कॅसेटच्या शेपटाला कामी आलं.

क्लासमधल्या एका मुलीने ‘आशिकी’ची गाणी असलेली माझी कॅसेट मागून नेली होती. आठवड्याने परत देताना म्हणाली, “शेवटचं ते जुनं कुणाचं रे? बाबांना फार आवडलं.” बाबांना! आमच्या प्रेमकथेचा एकूण मजकूर इतकाच. पण तलतचं नाव तिला सांगता यावं म्हणून मी धावत दुकानात गेलो आणि तिथून पुढे तिथे बसायलाच लागलो.

काकांकडे गाण्यामागच्या माणसांच्या गोष्टी असत. आम्ही ज्या गाण्यांवर आपला हक्क सांगत होतो, ती ‘कयामत’ची गाणी लिहिणारे मजरूह तेव्हा सत्तरीला टेकले होते आणि १९४६च्या ‘शाहजहान’मध्ये सैगलसाठी त्यांनीच लिहिलं होतं, हे मला काकांनी सांगितलं. ‘मैंने प्यार किया’चे रामलक्ष्मण म्हणजे नागपूरचे विजय पाटील, हेही. सुरेंद्र आणि विजय या जोडीला ‘पांडू हवालदार’च्या वेळी दादा कोंडक्यांनी ते नाव दिलं. त्यातले राम, म्हणजे सुरेंद्र, लवकरच गेले. पाटलांनी जोडनाव काही टाकलं नाही, पुढे एकट्याने केलेलं सगळं काम त्याच नावावर लावलं. मला तेव्हा ते नुसतं नवल वाटलं होतं. २०२१ साली पाटील गेल्याची बातमी वाचली तेव्हा मात्र पेपर बाजूला ठेवून बराच वेळ बसून राहिलो.

गेल्या दिवाळीत काकांना भेटायला गेलो. दुकान कधीच बंद झालंय, काका मुलाकडे असतात, ऐकू जरा कमी येतं. सोळाव्या वर्षी तुम्ही माझ्या कानात तलत घातलात, नाहीतर मी त्या यादीतच अडकलो असतो, असं बरंच काय काय मी बोललो. मोठ्या आवाजात बोलावं लागत असल्याने ते भाषणच झालं.

काका ऐकून हसले. “तुला शिकवायला कोण बसलं होतं? एकेका कॅसेटला तासभर तुमचं ते नदीम-श्रवण ऐकावं लागायचं, टाळकं उठायचं माझं. शेवटचं गाणं मी माझ्यासाठी लावत होतो.”