कळवणच्या वाटेवर जेम्स बाँड

मैत्रिणींनो, सासरचं जुनं बंद घर उघडायला जायचं म्हटलं की आपली तयारी ठरलेली. चाव्यांचा जुडगा, एक नवा झाडू, चहा-साखरेच्या पुड्या आणि दुपारपुरत्या पोळ्या-भाजी. गेल्या चैत्रात मीही एवढंच बरोबर घेऊन नाशिकहून कळवणला निघाले. गाडी सून चालवत होती. मागे माझा बारा वर्षांचा नातू. दिंडोरी यायच्या आत त्याने मोबाइलवर एक धून लावली आणि वणीपर्यंत तीच एक चालू. तुमच्याही घरी कुणी ना कुणी ती लावतच असेल. जेम्स बाँडची हो!

"आजी, कळवणला बघण्यासारखं काय आहे?" त्याने विचारलं.

"हेरगिरी," मी म्हणाले.

तो हसला. सूनही हसली. पण मी थट्टा करत नव्हते.

आधी त्या धुनेचंच घ्या. बाँडचा पहिला चित्रपट 'डॉ. नो' १९६२ सालचा. त्याच्यासाठी माँटी नॉर्मन या संगीतकाराने आपल्याच एका पडून राहिलेल्या गाण्याची चाल बाहेर काढली. ते गाणं त्यांनी केलं होतं व्ही. एस. नायपॉल यांच्या 'अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास' या कादंबरीवरच्या संगीत नाटकासाठी. कादंबरी आहे त्रिनिदादमधल्या हिंदू कुटुंबाची. बिस्वास हा सासुरवाडीच्या भरल्या घरात घुसमटलेला आणि स्वतःच्या चार भिंतींसाठी जन्मभर धडपडणारा जावई. आणि गाणं कशावर, तर त्याच्या अपशकुनी शिंकेवर! मूळ चाल सतारीच्या अंगाची होती. ती गिटारवर आली, जॉन बॅरी यांनी तिच्यावर ट्रंपेट-ट्रोंबोनचा साज चढवला, आणि शिंकेच्या गाण्यातून साऱ्या जगाचा हेर उभा राहिला. घरात कुणी शिंकलं की दारातून दोन पावलं मागे येणाऱ्या आपल्या आजीला हे सांगितलं असतं, तर तिने काय म्हटलं असतं?

आपल्याकडेही मग हेरपटांची लाट आली. १९६७ साली 'फर्ज'मध्ये जितेंद्र एजंट ११६ झाला. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं. १९६८ साली 'आँखें' आला, तो काढला होता पुढे दूरदर्शनवर 'रामायण' आणणाऱ्या रामानंद सागर यांनी. आणि १९७७ साली 'एजंट विनोद'. त्याचं संगीत होतं 'रामलक्ष्मण' यांचं, म्हणजे नागपूरच्या विजय पाटील यांचं. 'पांडू हवालदार'मुळे नाव झालेल्या या जोडीतला एक जण लवकर गेला, पण पाटलांनी जोडनाव अखेरपर्यंत टाकलं नाही. 'हम आपके हैं कौन'मधली लग्नघरातली गाणी आपण सगळ्यांनी गुणगुणली आहेत ना? ती याच माणसाची. हेराच्या पाठलागाला ठेका देणारा हात पुढे विहिणींच्या पंगतीत रमला.

हा 'एजंट विनोद' मी कळवणकडच्याच एका जत्रेत पाहिला. लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं. कापडी तंबू, मध्ये पडदा, एकीकडे बायका नि दुसरीकडे पुरुष, आणि बाहेर जनरेटरची धडधड. पडद्यावर महेंद्र संधू मारामारी करतोय, गाणी म्हणतोय. शेजारी पदर डोक्यावरून घेऊन बसलेल्या आमच्या सासूबाई. आपसात अहिराणी बोलणाऱ्या सासूबाई माझ्याशी मात्र मराठीत बोलत. अर्धा सिनेमा झाल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "हा कसला गं हेर? साऱ्या गावाला दिसतोय!"

त्या वेळी मी तोंडाला पदर लावून हसले. त्यांच्या बोलण्यातलं मर्म कळायला मला पुढची कितीतरी वर्षं लागली.

वणी मागे पडली की रस्ता चढून नांदुरीला उतरतो. इथूनच सप्तशृंगी गडाची वाट. गड कळवण तालुक्यातच आहे बरं का, वणीची देवी म्हणत असलो तरी. पायऱ्या झेपत नसतील तर २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू आहे. मात्र रामनवमी ते चैत्री पौर्णिमा यात्रेची फार गर्दी असते. खानदेशातून बायका-पुरुष पायी येतात. लहान मुलं बरोबर असतील तर ते दिवस टाळा. अठरा हातांची शेंदरी मूर्ती आणि हाताहातात शस्त्र. पण तुम्ही तिची मान बघा. किंचित एका बाजूला कललेली. समोरच्या मार्कंडेय डोंगरावर बसून मार्कंडेय ऋषी पुराण सांगत आणि देवी कान देऊन ऐकत असे, म्हणून मान कलली, असं सांगतात. अठरा शस्त्रं हाती असताना ही बाई आधी ऐकून घेते. मला त्या मूर्तीत सगळ्यात आवडतं ते हेच.

नांदुरीहून कळवणकडे वळलं की उजव्या हाताला सातमाळ्याची रांग सोबत करते. मार्कंडेय, रवळ्या-जवळ्या आणि मग धोडप. धोडपच्या अंगाला कातळाची सरळसोट भिंत आहे आणि त्या भिंतीत कुणी कुऱ्हाडीने तोडल्यासारखी खाच. नातू खिडकीतून बाहेर डोकावून म्हणाला, "आजी, हा व्हिलनचा अड्डा शोभेल!"

पोरगं चुकलं नव्हतं. बाँडपटातले ते अड्डे केन अ‍ॅडम या नेपथ्यकाराने उभे केले. बर्लिनमध्ये जन्मलेला हा ज्यू मुलगा हिटलरच्या छळामुळे घरच्यांबरोबर इंग्लंडला आला आणि महायुद्धात ब्रिटिश वैमानिक झाला. १९६७ च्या 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस'साठी त्याने लंडनजवळच्या पाइनवुड स्टुडिओत आख्खा ज्वालामुखी बांधला, सरकत्या छपरासकट! आपला सातमाळा तर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या खऱ्या लाव्हाचा. त्याआधी १९६४ च्या 'गोल्डफिंगर'मध्ये अमेरिकेच्या सोन्याची तिजोरी दाखवायची होती. आत कुणाला जाऊ देत नाहीत. मग अ‍ॅडमने मनानेच गजांआड छतापर्यंत सोन्याच्या विटा रचल्या. बघणाऱ्याला खऱ्याहून खरं वाटलं. सोनं असं मांडून ठेवणारी बाई मी तरी पाहिलेली नाही. आपण ते तुरीच्या डाळीच्या डब्यात तळाशी ठेवतो. खरं लपवणं असं असतं!

धोडपच्या पुढे याच रांगेत कांचना किल्ला आहे. ऑक्टोबर १६७० मध्ये शिवाजी महाराज दुसऱ्यांदा सुरत लुटून बागलाणातून परतत होते. मागून मोगल सरदार दाऊदखान कुरेशी आला. महाराजांनी लूट पुढे काढून दिली, स्वतः फौज घेऊन उभे राहिले आणि १७ ऑक्टोबरला कांचनबारीत उघड्या मैदानावर लढाई जिंकली. सुरतेत अगणित द्रव्य आहे ही बातमी आणणारा जासूद म्हणून सभासदाच्या बखरीत बहिर्जीचं नाव येतं. बहिर्जी नाईक म्हणजे महाराजांच्या हेरांचा मुख्य. बखरीत त्याच्यावर ओळी किती, तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्याचं त्या काळचं चित्र नाही, पत्र नाही. सांगली जिल्ह्यात बाणूरगडावर समाधी दाखवतात, एवढंच. २०१९ च्या 'फत्तेशिकस्त' चित्रपटात बहिर्जी पडद्यावर आला, छान वेष पालटत आला. पण मला सासूबाईंचं वाक्य आठवलं. जो साऱ्या गावाला दिसला नाही, तोच खरा हेर.

कळवणला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. शिवारात उन्हाळ कांदा काढून चाळीत भरायची घाई. घराचं कुलूप आढेवेढे घेत उघडलं. माजघरातल्या फडताळात अजून बाबूराव अर्नाळकरांची पुस्तकं आहेत, पानं पिवळी पडलेली. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचं खरं नाव. हजाराच्या वर रहस्यकथा त्यांनी लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू! नंतर आले गुरुनाथ नाईक. ही पुस्तकं पुरुषांनी आणायची आणि दुपारी भांडी घासून झाल्यावर आपण वाचायची, असं घराघरांत चाले. खोटं का बोला?

हेरकथा इंग्रजांनी आणली असं आपण समजतो. ती आपल्याकडे फार जुनी आहे. कौटिल्याने 'अर्थशास्त्रा'त हेर कोणकोण असावेत ते सांगितलंय. त्यात स्वयंपाकी आहेत, न्हाऊ घालणारे आहेत आणि दारोदार फिरणाऱ्या भिक्षुकीसुद्धा आहेत. विशाखदत्ताचं संस्कृत नाटक 'मुद्राराक्षस' तर सगळंच हेरांचं. चाणक्याचा हेर यमाचा पट दाखवत, गाणी म्हणत एका घरी शिरतो. आतून एक लहान मूल धावत बाहेर येतं. त्याला आत ओढायला बाईचा हात दाराबाहेर येतो आणि तिच्या बोटातली सैल अंगठी निसटून घरंगळत हेराच्या पायाशी येते. अंगठी नवऱ्याची, मापाने मोठी. नवरा म्हणजे चाणक्याचा शत्रू राक्षस. त्या अंगठीवर सगळं राजकारण फिरतं. बघा, तलवार नाही, घोडा नाही. मूल उंबऱ्याबाहेर गेलं म्हणून धावलेली आई, एवढंच!

इंग्रजीतली एक गाजलेली जुनी हेरकादंबरी म्हणजे 'किम', १९०१ सालची. लेखक रुडयार्ड किपलिंग, जन्म आपल्या मुंबईतला. त्यात पोरसवदा किमला हेर बनवण्यासाठी एक खेळ शिकवतात. ताटात रत्नं ठेवायची, घटकाभर बघू द्यायची, वर कापड टाकायचं आणि काय काय होतं ते सांगायला लावायचं. ओळखलात का? संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, महिला मंडळात आपण हाच खेळ खेळतो! ताटात सुई, बटण, लवंग, किल्ली. आणि बक्षीस म्हणून प्लॅस्टिकचा डबा. जेम्स बाँड जन्माला आला तो १९५३ साली, इयान फ्लेमिंगच्या 'कसिनो रोयाल'मध्ये. हे नावही फ्लेमिंगने पक्ष्यांवरच्या एका पुस्तकाच्या लेखकाचं उचललेलं. साधं, चारचौघांतलं नाव हवं होतं म्हणून.

आता माझी गोष्ट सांगते. १९७९ साली मी या घरात आले तेव्हा बी. ए.चं शेवटचं वर्ष राहिलं होतं. परीक्षेला बसू देऊ, असं बोलणीत ठरलं होतं. लग्नानंतर तो विषयच निघेना. मी नवी. कोणतं दार करकरतं, मामंजी कोणत्या वेळी झोपतात, सासूबाई परसात किती वेळ असतात, हे सगळं महिन्याभरात मला पाठ. नव्या सुनेपेक्षा तयार हेर कुठे असतो सांगा! दुपारी मी आईला इनलँडवर पत्र लिहायची आणि शेजारची शाळकरी मुलगी ते पेटीत टाकायची. एकदा माझ्या भावाने मामंजींना परीक्षेबद्दल विचारलं. त्या रात्री पानावर बसल्या बसल्या मामंजी कडाडले, "या घरातलं बाहेर जातं कसं?"

माझ्या हातातली वाढणी गळून पडायची तेवढी राहिली.

सासूबाई भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मीच बोलले विहीणबाईंना. गडावर भेटल्या होत्या. पोरीला परीक्षेला मीच पाठवणार आहे."

गडावर कुणी भेटलं नव्हतं. पुढच्या वर्षी मी नाशिकला जाऊन परीक्षा दिली. पत्रांविषयी त्या एक अक्षर बोलल्या नाहीत.

'राझी' हा चित्रपट २०१८ साली आला, तो आम्ही दोघींनी नंतर टीव्हीवर पाहिला. हरिंदर सिक्का यांच्या कादंबरीवरून मेघना गुलजारने काढलेला. १९७१ च्या युद्धाच्या तोंडावर पाकिस्तानी लष्करी घरात सून म्हणून जाणारी हेर. तीच करकरणारी दारं, तीच माजघरातली कुजबुज. फक्त तिच्या सासरी जीव गेले. सिनेमा संपला तरी सासूबाई पडद्याकडेच बघत होत्या. मग अहिराणीत म्हणाल्या, "माले समदं ठाऊक व्हतं."

शेजारच्या मुलीच्या दप्तरातून पत्रं जातात, हे त्यांना पहिल्याच महिन्यात कळलं होतं. मग बोलल्या का नाहीत? बोलले असते तर पत्र बंद झालं असतं, आणि मग तुला आधार कुणाचा, असं त्या म्हणाल्या. एवढंच. २०२१ साली त्या गेल्या.

मैत्रिणींनो, हेराची बंदूक, धून, अड्डा हे सगळं सिनेमाचं. आपल्या घरात हेरगिरी रोजच चालते. जे कानावर आलं त्याचं काय करायचं, खरी परीक्षा तिथे असते. सासूबाई त्या परीक्षेत पहिल्या आल्या होत्या. शाळेचं तोंड न पाहता.

त्या दुपारी घर झाडून झालं, नागलीचे पापड भाजले, जेवणं झाली. सून फोन घेऊन परसात गेली. मी मोरीत भांडी विसळत होते. खिडकीतून तिचा दबका आवाज येत होता, "आई, अगं त्यांना वाईट वाटेल म्हणून मी..." पुढचे शब्द ऐकू आलेच असते. माझे कान अजून चांगले आहेत.

मी हात पुसले, बाहेर ओटीवर आले आणि नातवाला म्हटलं, "अरे, लाव ना तुझी ती बाँडची धून. जरा मोठ्याने लाव."