माल, मंडप, हमाल

१
‘ज्याचा माल त्याचा हमाल.’ कोल्हापूर-सांगली-इचलकरंजी पट्ट्यातल्या लॉरीवाल्यांची ही घोषणा. गाडीत माल चढवायची मजुरी, म्हणजे वाराई, माल पाठवणाऱ्याने द्यायची की गाडीवाल्याने, असा हा वाद. हमालाचे म्हणणे घोषणेत येत नाही. दोघांपैकी एकाने खिशात हात घालेपर्यंत गाडी उभी.

२
सांगलीच्या वसंतदादा मार्केट यार्डात नव्या हळदीचे सौदे जानेवारीपासून रंगात येतात. आपल्या जिल्ह्यातले सगळ्यात जुने प्रदर्शन मी यालाच मानतो. कमान नाही, तिकीट नाही, उद्घाटनाला मंत्री असलाच पाहिजे असे नाही. पोते फोडून हळद ओततात. खरेदीदार एक हळकुंड उचलतो, कडकन मोडतो, आतला रंग बघतो, वास घेतो आणि पुढे सरकतो. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच्या कितीतरी आधीपासून दूरदूरचे व्यापारी इथे येऊन अशीच हळकुंडे मोडत आले आहेत.

पोते गाडीतून उतरवणारा, फोडणारा, सांडलेली हळद परत भरणारा, तोंड शिवणारा, काट्यावर ठेवणारा, पुन्हा थप्पीला लावणारा हमालच. त्याने हात आखडला की ढीग पडत नाही, आणि ढीग पडल्याशिवाय भाव फुटत नाही.

३
यार्डातला एक हमाल, पन्नाशीचा. हातात लोखंडी आकडा, पाठीवर गोणपाटाची घडी. पोते घेताना कंबर ताठ ठेवून गुडघ्यात वाकतो. नखांच्या कडा पिवळ्याधमक.

“जात न्हाई ओ साबणानं. जून उजाडावा लागतोय.”

डबा उघडला. भाकरीच्या कडेलाही तोच रंग.

४
हमालीचे दर कसे ठरतात? व्यापारी आणि हमाल संघटना समोरासमोर बसतात, मध्ये बाजार समिती. ठराविक मुदतीचा करार होतो. मुदत संपली की पुन्हा बैठक, पुन्हा महागाईचा हिशेब, आणि जमले नाही तर काम बंद. संघटनेला बंदची वेळ निवडता येते, आणि ती ऐन हंगामातच निवडली जाते. आवक नसताना केलेल्या बंदला कोण विचारतो?

पण ऐन हंगामात ट्रॉली घेऊन आलेला शेतकरी बंदच्या रात्री यार्डाबाहेर थंडीत झोपतो. करारावर त्याची सही नसते. हमाली मात्र त्याच्या पट्टीतूनही, म्हणजे विक्रीच्या हिशेबातूनही, कापलेली असते. दोघेही कष्टाचे आणि दोघेही खरे, म्हणून हा वाद मला सगळ्यात अवघड वाटतो.

५
इलेक्ट्रॉनिक काटा आला. वजन आकड्यात दिसू लागले. मग तोलाई कशाची, असे शेतकरी म्हणू लागला. काट्यावर पोते आपोआप चढते काय, असे तोलाईदार म्हणू लागला. इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलाई घेऊ नये असे सरकारने सांगितल्यावर राज्यात बाजार समित्या बंद पडल्या होत्या. यंत्राने नजर वाचवली. पाठ कोणाचीच वाचवली नाही.

६
हरिपूरची पेवे. जमिनीखाली खोल, हळद साठवण्यासाठी. २००५ च्या महापुरात त्यांची फार हानी झाली.

पेव उघडल्याबरोबर कोणी आत उतरत नसे. आत श्वासापुरती हवा नसे. तोंड उघडे ठेवून थांबायचे, मगच माणूस सोडायचा. हा नियम कुठल्या कायद्यात लिहिलेला नव्हता. मालकाला कितीही घाई असली तरी तो पाळला जाई.

७
१८८९ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी आयफेल टॉवर बांधत होते. सप्टेंबर १८८८ मध्ये कामगारांनी काम थांबवले. उंची वाढतेय, धोका वाढतोय, दिवस लहान होऊन तास घटतायत, मजुरी वाढवा. उंचीने धोका वाढत नाही, असे आयफेलचे म्हणणे. तरी त्याने टप्प्याटप्प्याने वाढ कबूल केली. डिसेंबरात पुन्हा तेच. या वेळी शेवटपर्यंत टिकणाऱ्यांना शंभर फ्रँक, आणि कामावर न येणाऱ्यांना रजा कायमची.

प्रदर्शनाची तारीख जाहीर झालेली असली की ती दोन्ही बाजूंना बांधते.

८
सांगलीत नेमिनाथनगरचे कल्पद्रुम मैदान. उद्या सकाळी उद्घाटन, आज रात्री अकरा. पत्र्याच्या भिंती उभ्या झाल्यात, वरचे कापड अजून ताणायचे आहे. बांबूच्या शिडीवर एक पोरगा, विशीच्या आतला, तोंडात चुका धरून. खाली दुसरा गालिचा पसरत पुढे सरकतो, आणि त्याच गालिच्यावरून स्टॉलवाले आपापली खोकी ओढत नेतात. तो न बोलता मागे येऊन सुरकुती काढतो.

कोणाच्या पायात बूट नाहीत. वायरी जमिनीवर मोकळ्या. पाण्याचा जार ऑफिसच्या तंबूत, आणि ऑफिसला कुलूप.

मी विचारले, “जेवलात का?”

“झाल्यावर.”

९
कंत्राटी कामगारांचा १९७० चा कायदा. काम अधूनमधून चालणारे असेल तर तो लागू होत नव्हता. अधूनमधूनचे म्हणजे काय, याची मोजणीही त्यातच होती: आधीच्या बारा महिन्यांत १२० दिवसांपेक्षा जास्त चालले तर ते अधूनमधूनचे नाही. हंगामी असेल तर ६० दिवस.

मंडप एका मैदानावर चार दिवस असतो. तो बांधणारा पोरगा वर्षभर मंडपच बांधतो, कधी सांगलीत, कधी कऱ्हाडात, कधी कोल्हापुरात. कायद्याने दिवस मोजले ते जागेचे.

१०
शिकागोचे मॅकॉर्मिक प्लेस, अमेरिकेतले सगळ्यात मोठे प्रदर्शन केंद्र. तिथे कामे युनियनवार वाटलेली: सुतारकाम एकाचे, वीज दुसऱ्याची, माल उतरवून स्टॉलपर्यंत नेणे तिसऱ्याचे. स्टॉलवाल्याने स्वतःची शिडी लावायची नाही, स्वतःचे हत्यार चालवायचे नाही, असा तेव्हाचा नियम. ओव्हरटाइम महाग. १९७१ पासून तिथे भरणारे प्लॅस्टिक उद्योगाचे मोठे प्रदर्शन २०१२ साली फ्लोरिडातल्या ऑर्लँडोला गेले. ते हातचे जाणार असे दिसताच इलिनॉय राज्याने २०१० साली कायदा केला: स्टॉलवाल्याला आपल्या स्टॉलचे काम स्वतः करण्याचा हक्क, टोळीतली माणसे कमी, साध्या दराचे तास जास्त. मार्च २०११ मध्ये संघराज्याच्या न्यायालयाने तो अडवला, कारण कामगार-मालक वाटाघाटींचा विषय राज्याला असा हातात घेता येत नाही. ऑक्टोबरात तडजोड झाली. युनियननी बरेचसे तेच मान्य केले, पण टेबलावर बसून.

हा शेवटचा भाग मला महत्त्वाचा वाटतो.

११
शिडीचा नियम इथे कोणाला सांगितला की ऐकणारा हसतो. मला हसू येत नाही. प्रदर्शनाच्या हॉलमधले काम रोज नसते. आज हजार माणसे लागतात, परवा एकही नाही. म्हणून मिळेल त्या दिवसाचे काम घट्ट धरून ठेवायचे, त्याला कुंपण घालायचे. कुंपण फार पुढे गेले, हे खरे. छोट्या स्टॉलवाल्याला त्याने पिळले, हेही खरे. पण ज्या भीतीपोटी ते घातले, ती भीती कल्पद्रुमवर शिडीवर उभ्या पोरालाही आहे. त्याच्याकडे कुंपण नाही, एवढाच फरक.

१२
फिलाडेल्फिया, मे २०१४. प्रदर्शन केंद्राने नव्या नियमांचा करार पुढे ठेवला, सहीची मुदत ५ मे. चार युनियननी सह्या केल्या. सुतारांनी आणि मालवाहू कामगारांनी मुदत उलटल्यावर केल्या. दारे बंद. त्यांचे काम उरलेल्या चौघांत वाटले गेले.

चौघांनी ते घेतले.

१३
पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे अण्णासाहेब पाटील. मुंबईच्या गोदीत, मशीद बंदरात, बाजारांत डोक्यावर ओझे वाहणारी आमच्याच सातारा-सांगलीकडची माणसे. नोकरी कोणाची, याला उत्तर नव्हते. आज या गाळ्यावर, उद्या त्या. अण्णासाहेबांनी त्यांना संघटित केले आणि १९६९ चा माथाडी कायदा झाला. मंडळावर मालक, कामगार आणि सरकार, तिघांचे प्रतिनिधी. मालकाने मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने कामगाराला पगार द्यायचा. लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा, बोनस. मालक बदलत राहिले तरी खाते एकच. उठून दुसऱ्या गाळ्यावर जाणाऱ्या माणसासाठी याहून नेमकी रचना मी पाहिलेली नाही.

कायद्याला जोडलेल्या यादीत लोखंड बाजार, कापड बाजार, गोदी, किराणा, रेल्वेचा मालधक्का, भाजीबाजार. प्रदर्शनाचा मंडप नाही.

१४
माथाडीच्या नावाने गेटवर गाडी अडवून, हात न लावता पैसे घेणारेही आहेत. कारखानदार त्याला खंडणी म्हणतात, आणि त्यात चूक काही नाही. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले, तेव्हा खरे ओझे वाहणारे रस्त्यावर उतरले. गेटवरच्या टोळीला आवरायला निघालेली दुरुस्ती आपल्याच हक्काला कात्री लावणार, ही त्यांची धास्ती. टोळीवाले मोर्चात असतील असे मला वाटत नाही. त्यांना कायदा असला काय, नसला काय.

१५
भाच्याचे माधवनगरात माग आहेत. गेल्या हिवाळ्यात त्याने एका प्रदर्शनात चालता माग मांडायचे ठरवले. माग गेला, भीम गेले, सुताची पेटी गेली. चालवायला कामगार हवा. आणि तिथे गाडी अडली.

कामगाराची मजुरी मीटरवर. मंडपात माग किती चालणार? आवाजाने शेजारचे स्टॉलवाले तक्रार करणार, म्हणून आयोजकांनी तासाला दहा मिनिटांची मुभा दिलेली. दिवसभर उभे राहून कापड पडणार चादरीएवढे. मीटरने धरले तर त्याला चहाचे पैसे सुटणार नाहीत. भाचा म्हणाला, रोजंदारी घे. कामगार म्हणाला, रोजंदारी कुठली? मंडपवाल्या पोराची की मागवाल्याची?

दोघे ओट्यावर बसून बोलत होते. आवाज चढला नाही. शेवटी कामगारानेच तोडगा काढला.

“मालक, मागच्या दोन पगारांची सरासरी धरा. वर जेवण. आन् रातीचं परतायचं भाडं तुमचं.”

भाच्याने मान्य केले. कागदावर लिहिले, दोघांनी सह्या केल्या. हा कागद मी हातात घेऊन वाचला. पाच ओळींचा. पाचवी ओळ कामगाराने सांगून घालून घेतली होती: बसायला खुर्ची.

१६
मंडपात खुर्च्या दोनच मिळाल्या. एक भाच्याला, एक येणाऱ्या गिऱ्हाइकाला. तिसरी भाड्याने आणावी लागली. भाच्याने आणली, कारण पाचवी ओळ होती.

१७
१८८५-८६ चा हिवाळा, लंडन. लिबर्टी कंपनीने बॅटर्सीत ‘भारतीय खेडे’ मांडले. विणकर, कारागीर, गारुडी, सगळे हिंदुस्थानातून नेलेले. लोक तिकीट काढून त्यांना काम करताना बघत. थंडी, अपुरे कपडे, करार न पाळल्याची तक्रार, प्रकरण वकिलांपर्यंत गेले. १८८६ सालीच लंडनच्या वसाहतींच्या प्रदर्शनात जे कारागीर बसवले, त्यांतले बरेच आग्र्याच्या तुरुंगात तयार झालेले.

१८
कामगारांचे स्थायी आदेश दरवाजाजवळ, फलकावर, बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत लावायचे, असे १९४६ चा कायदा सांगत होता. असा फलक लागावा अशी मोठी जागा म्हणजे माधवनगरची कॉटन मिल; ती कधीच बंद पडली. मागांच्या शेडमध्ये माणसेच इतकी थोडी की हा कायदा तिथवर पोचत नव्हता. पोचता तर बरे झाले असते. नियम आवडो न आवडो, तो उभा राहून वाचता आला पाहिजे.

१९
१८ जानेवारी १९८२. मुंबईच्या गिरण्यांचा संप. अडीच लाखांच्या आसपास कामगार, पुढारी दत्ता सामंत. पण मुंबईच्या औद्योगिक संबंध कायद्याने वाटाघाटीचा अधिकार एकाच प्रातिनिधिक युनियनला, आणि ती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगार एकाच्या मागे, कायदा दुसऱ्याच्या. आमच्याकडे गावोगाव माणसे परत आली, कोणी शेतावर, कोणी मागावर. त्यांच्यातल्या कोणापुढे युनियनचे नाव काढू नका, असे आजही घरातले सांगतात. मी काढतोच. त्यांना बोलायचे असते.

२०
शेवटच्या दिवशी रात्री नऊला प्रदर्शन संपते आणि सकाळपर्यंत मैदान रिकामे करून द्यायचे असते. माल भरायला सगळ्यांना एकाच वेळी हमाल हवा. दर तासागणिक चढतो. स्टॉलवाले म्हणतात, लूट आहे. चार दिवस भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकाला हेच लोक बाजारभाव समजावून सांगत होते.

२१
पुढच्या प्रदर्शनाचा अर्ज आला आहे. स्टॉलचे भाडे, वीज, टेबल, खुर्च्या, जीएसटी, रद्द केल्यास कपात. मंडप बांधणाऱ्यांविषयी आणि माल उतरवणाऱ्यांविषयी एक ओळ नाही.

भाच्याला म्हटले, अर्जासोबत पत्र जोड. बांधणाऱ्यांचे तास किती, दर काय, विमा कोणाचा, रात्री पाणी कुठे मिळेल, हमालीचा दर आधी जाहीर करणार का. लेखी कळवा म्हणावे.

“आन् न्हाई कळवलं तर?”

“तर आगाऊ रक्कम भरू नकोस.”

पत्राच्या त्याने चार प्रती काढल्या. एक स्वतःची, तीन शेजारच्या मागवाल्यांना. दोघांनी सही केली आहे. तिसरा म्हणतो, खुर्चीची ओळ पण घाला.