मशीनला जोडलेला कॉम्प्युटर

जुन्या मिलिंग मशीनवर लिनक्ससीएनसी ही कॉम्प्युटरवरून मशीन चालवणारी प्रणाली बसवायचं ठरलं, तेव्हा कंट्रोलरचा मोठा खर्च टळणार होता. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेत १९९० च्या दशकात या प्रणालीचं मूळ काम झालं आणि आज ती कुणालाही फुकट वापरता येते. वाचलेले पैसे मी कॉम्प्युटरवर घातले. नवाकोरा प्रोसेसर, भरपूर मेमरी, वेगळं ग्राफिक्स कार्ड. ही निवड साफ चुकली. ती का चुकली हे कळेपर्यंत बराच माल स्क्रॅपमध्ये गेला.

आमच्या मशीनचा बॉलस्क्रू ५ मिमी पिचचा. मोटरच्या एका फेऱ्याला २०० स्टेप आणि ड्राइव्हवर प्रत्येकीचे १० भाग, म्हणजे टेबल १ मिमी सरकवायला ४०० पल्स. हे पल्स कॉम्प्युटरच पॅरलल पोर्टमधून पाठवणार असेल, तर ते ठरल्या क्षणी बाहेर पडले पाहिजेत. प्रोसेसर सेकंदाला किती हिशोब करतो याला इथं महत्त्व नाही. वाईटात वाईट वेळी तो किती उशीर करतो, एवढंच पाहायचं. हा उशीर म्हणजे लेटन्सी. ती मोजायची चाचणी लिनक्ससीएनसीबरोबरच येते. खिडकी उघडते, त्यात सर्वो थ्रेड आणि बेस थ्रेड अशा दोन ओळी, आणि शेवटाकडे ‘मॅक्स जिटर’चा रकाना. त्या रकान्यातला आकडा फक्त चढतो, कधी उतरत नाही.

मी ती चाचणी चहा येईपर्यंत चालवली. बाकी काहीही चालू नव्हतं. आकडा १८ मायक्रोसेकंदांच्या आत राहिला, म्हणून खुशीत बेस पिरियड, म्हणजे पल्स पाडणाऱ्या बेस थ्रेडचा ठोका, २५ मायक्रोसेकंद ठेवला. एका पल्सला असे दोन पिरियड लागतात. म्हणजे सेकंदाला २०,००० पल्स, मिनिटाला ३,००० मिमी. कागदावर उत्तम.

मग ॲल्युमिनियमच्या प्लेटमध्ये पॉकेट मारताना ऑपरेटर मामांनी हाक मारली. ‘‘दादा, एक्स झिरोवर येईना झालाय. हितं बघा.’’ डायल लावला तर ०.३ मिमीचा फरक. मी कपलिंग आवळलं, गिब घट्ट केली, ड्राइव्हचा करंट वाढवला. पुढच्या जॉबला ०.१ चा फरक, त्याच्या पुढच्याला ०.२. उत्तर तिथंच समोर होतं आणि मला ते वाचता आलं नाही. स्टेपर मोटर घसरते ती चार पूर्ण स्टेपच्या पटीत, आणि आमच्या स्क्रूवर चार स्टेप म्हणजे बरोबर ०.१ मिमी. बॅकलॅशचा किंवा सैल कपलिंगचा फरक असा मोजूनमापून येत नाही. पल्स वेडेवाकडे पोचत होते आणि मोटरची लय सुटत होती.

तेव्हा कुठं चाचणी नीट घेतली. रात्रभर चालवली, सोबत पडद्यावर ग्राफिक्स फिरत ठेवलं, मोठ्या फायली कॉपी केल्या, पेनड्राइव्ह लावला, काढला. सकाळी जिटर १४० मायक्रोसेकंद. ग्राफिक्स कार्ड काढलं. बायोसमध्ये हायपरथ्रेडिंग, सी-स्टेट आणि वीजबचतीची सगळी कलमं बंद केली. हे पहिल्याच दिवशी करायचं होतं. एक कोअर लिनक्ससीएनसीसाठी राखून ठेवला. आकडा ६० वर आला आणि तिथंच अडला. मदरबोर्डचं स्वतःचं फर्मवेअर अधूनमधून प्रोसेसर ताब्यात घेतं, आणि त्यापुढं ऑपरेटिंग सिस्टिमचं काही चालत नाही. हा दोष सगळ्या बोर्डांत सारखा नसतो. कार्यालयातून निघालेला जुना साधा पीसी यात महागड्या पीसीला सहज मागं टाकू शकतो. सुरक्षित राहायला बेस पिरियड १०० करावा, तर वेग मिनिटाला ७५० मिमीवर येतो.

शेवटी पल्स तयार करणारं वेगळं एफपीजीए कार्ड घेतलं. ते नेटवर्क केबलनं जोडायचं. पल्स कार्डच पाडतं, कॉम्प्युटरनं फक्त दर मिलिसेकंदाला त्याला पुढचा आदेश द्यायचा, त्यामुळं ६० मायक्रोसेकंदांचा उशीर सहज खपतो. ही खरेदी आधी करायला हवी होती. त्याआधी यूएसबीची पॅरलल केबल आणली होती, ती तर प्रिंटरसाठीच असते, मशीनला तिचा उपयोग नाही. आणि कार्डाच्या नेटवर्क पोर्टवरच इंटरनेटही चालवायला गेलो, तेव्हा मशीन मध्येच एररनं थांबायचं. कार्डाला स्वतंत्र पोर्ट दिला.

इथवरच्या चुकांत धातू आणि पैसा गेला. पॅरलल पोर्टवर काम चालू असतानाची एक चूक मात्र माणसाच्या हातावर बेतली होती.

स्पिंडलचा रिले मी पोर्टच्या एका पिनवर घेतला होता. कॉम्प्युटर चालू होताना, लिनक्ससीएनसी अजून सुरूही झालेलं नसताना, पोर्टच्या पिना आपोआप वर जाऊ शकतात, हे मला माहीत नव्हतं. मामांनी कोलेट आवळून पाना नुकताच बाजूला ठेवला होता. मी पीसीचं बटण दाबलं, रिले खट्‌कन वाजला आणि स्पिंडल फिरायला लागला. मामांनी इमर्जन्सीचं बटण दाबलं. काही झालं नाही. ते बटणही मी कॉम्प्युटरच्याच एका इनपुटला जोडलं होतं, आणि ते वाचणारं तेव्हा कुणीच जागं नव्हतं. धावत जाऊन मेन पाडला.

मामा रागावले नाहीत. मला त्या रात्री झोप लागली नाही.

आता इमर्जन्सीचं बटण थेट कॉन्टॅक्टरची कॉइल तोडतं. ड्राइव्हची आणि स्पिंडलची पॉवर त्या कॉन्टॅक्टरमधूनच जाते. बटणाचा दुसरा कॉन्टॅक्ट लिनक्ससीएनसीला फक्त कळवतो. शिवाय चार्ज पंप बसवला आहे. प्रणाली जिवंत असेल तरच एका पिनवर सतत चौकोनी लहर येते, आणि ती थांबली की रिले सुटतो. बूट होताना नुसती वर गेलेली पिन त्याला फसवू शकत नाही.

शेजारच्या जुन्या लेथचं काम हाती घेतलं आहे. कॉम्प्युटर अजून आणलेला नाही. इमर्जन्सीची वायरिंग पूर्ण झाली, आणि ती मामांनी स्वतः तपासली आहे.