उभी रेघ, आडवी रेघ

भुसावळात जन्मलेल्या माणसाला दोनच गोष्टी उपजत कळतात : ऊन आणि मालगाडी. संगणक कळेलच असे नाही.

आमचे वडील मालधक्क्यावर क्लार्क. त्यांच्या हिशेबाच्या वह्या वाळवीने खाल्ल्या. त्याआधी पुतण्याने पान न् पान स्कॅन करून ठेवले होते, हे नशीब. परवा त्याने ते सगळे पेनड्राइव्हवर पाठवले. टारने गाठोडे बांधलेले आणि जीझिपने ते दाबून लहान केलेले. उलगडले की सहा जीबी. माझ्या म्हाताऱ्या संगणकात जागा दहा. आधी फुगवलेले गाठोडे सहाचे, मग ते सोडून पुन्हा सहा. संगणकाने हात वर केले.

पुतण्याला फोन लावला. “काका, मध्ये ठेवता कशाला? पाइप द्या. जीझिप सोडत जाईल, टार घेत जाईल.”

हे मात्र झटकन समजले. वॅगनमध्ये केळी भरताना हमालांची रांग असे. घड हातोहात पुढे जाई. खाली टेकला की काळा पडायचा. पुढचा हमाल विडीला थांबला की मागचाही थांबे. पाइपचेही तेच. लिनक्सवर त्यात एरवी 64 केबीच मावतात. भरला की मागच्याने थांबायचे. कल्पना डग्लस मॅकिलरॉय यांची. 1973 साली केन टॉम्प्सन यांनी ती युनिक्समध्ये बसवली. दोघांनीही सावद्याची केळी पाहिली नसावीत. टार तर मुळात चुंबकीय फितीसाठी केलेला. प्रत्येक फाइलीच्या आधी तिचे नाव आणि आकार, वॅगनवरच्या चिठ्ठीसारखा. मागे वळून पाहायला नको.

मी लिहिले : ‘गनझिप -सी’, फाइलीचे नाव, उभी रेघ, ‘टार -एक्सएफ’. उत्तर आले, ‘एफ’ला आर्ग्युमेंट हवे. आमच्या घरात आर्ग्युमेंटची टंचाई कधीच नव्हती. मी हिला हाक मारली.

पुतण्या म्हणाला, “शेवटची आडवी रेघ राहिली, काका. माल फाइलीतून नाही, पाइपातून येतोय, हे टारला तीच सांगते.”

रेघ दिली. वह्या उतरू लागल्या. 1968 चे एक पान उघडले. दूध, रॉकेल, घरभाडे. खाली बारीक अक्षरात : ‘चि. ची सायकल. सोसायटीचे कर्ज. त्यास सांगू नये.’

ती सायकल आत्याने दिली, असे मी आजवर समजत होतो.

“डोळ्यांत काय गेलं?” हिने विचारले.

“इंजिनाच्या कोळशाची कणी.”

भुसावळात वाफेची इंजिने बंद होऊन किती वर्षे झाली, हे तिलाही ठाऊक होते. पण तिने आर्ग्युमेंट केले नाही.